हसत हरण्याचा कप

सोपान आबांना हरायची सवयच नव्हती. नागापूरच्या कारखान्यात लेथवर होते तेव्हा जेवणाच्या सुट्टीत कॅरम खेळायचे, आणि डाव अंगाशी आला की बरोबर सुट्टी संपल्याचा भोंगा वाजायचा. भोंग्याला वेळ असला तर आबांचं कोपर लागून बोर्डच हलायचा. अशा रीतीने माणूस अजिंक्य राहून निवृत्त झाला आणि श्रीरामपूरला मुलाकडे, प्रवीणकडे राहायला आला.

प्रवीणची यशोधरा तिथल्या मिशनच्या शाळेत चौथीला. शाळा मोठी गमतीची. गणितात हुशार पोराला नाचायला उभं करायचे, नाचणारीच्या हातात बागेतलं खुरपं द्यायचे, आणि मुलग्यांना पोळ्या लाटायला बसवायचे. पहिल्या वर्षी प्रवीणनं धीर करून विचारलं होतं, "सिस्टर, मुलग्यांना पोळ्या कशाला?"

"का? तुम्ही खात नाही?" मुख्याध्यापिका सिस्टर फिलोमिना म्हणाल्या.

पण सगळ्यात गंमत होती ती क्रीडादिनाच्या कपाची. पहिल्या नंबराचा कप वीतभर, आणि जो कोणी चांगल्या मनानं, हसत हरेल त्याचा कप हातभर. सिस्टरचं म्हणणं असं, की जिंकल्यावर सगळेच शहाणे दिसतात. हरल्यावर पोर कसं वागतं ते बघायचं.

गेल्या साली हा हातभर कप वरद जोशीनं नेला. वरदचे आजोबा राधाकृष्णराव नगरपालिकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आणि आबांचे बागेतल्या बाकावरचे सोबती. त्यांनी कप रस्त्याकडच्या खिडकीत ठेवला आणि रोज सकाळी सांगायचं धरलं, "आज उशीर झाला, सोपानराव. कप पुसत होतो. मोठा आहे ना, धूळ फार बसते."

आबांनी वर्षभर ती धूळ सोसली. आणि क्रीडादिन जवळ आला तसा त्यांनी नातीला हरायचा क्लास लावला. घरीच, कॅरमवर.

"हरलीस. आता हस."

यशोधरानं बत्तीशी दाखवली.

"एवढं न्हाई. दात इचकले की खोटं वाटतं. डोळ्यानं हसायचं."

"डोळ्यांनी कसं हसतात, आबा?"

"मला काय ठावं? मी कवा हरलोय?"

"व्हय तर," स्वयंपाकघरातून आबांच्या बायको बनाबाई म्हणाल्या. "बोर्ड हालवनाऱ्याला कोन हरवनार?"

अडचण एकच होती. पोरगी वाऱ्यासारखी पळायची. पोत्याच्या शर्यतीत घातली तरी सशासारखी उड्या मारत पुढं. त्यावरही आबांनी तोडगा काढला. "लाईन आली की थांबायचं. समद्यांना म्होरं जाऊ द्यायचं. मग आपन जायचं, टाळ्या वाजवत."

क्रीडादिनाला आबा इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या खुर्चीत. शेजारी राधाकृष्णराव. दोघंही एकमेकांकडं न बघता मिशीत हसत होते.

शिट्टी झाली. पोती उडू लागली. यशोधरा सगळ्यांच्या पुढं, आणि चुन्याच्या रेघेपाशी येऊन थबकली. आबांनी समाधानानं मांडीवर थाप मारली. तेवढ्यात मागून वरद आला. तोही थबकला.

"जा ना तू," यशोधरा म्हणाली.

"नको, तू जा. लेडीज फर्स्ट."

"तू स्वतःला पाहुणा समज."

बाकीची पोरं दोघांना वळसा घालून पार गेली. ही दोघं पोत्यात उभी, डोळ्यांनी हसत, एकमेकांना हातानं वाट दाखवत. राधाकृष्णराव खुर्चीतून उठले. आबाही उठले.

"तुम्ही शिकवलंत ना याला?" आबांनी विचारलं.

"तुम्ही तिला काय वेगळं शिकवलंत?"

मागं आता एकच गडी उरला होता. अमृत नावाचा गुबगुबीत पोरगा सुरुवातीलाच पडून, गडगडत सरबताच्या टेबलाखाली गेला होता. तो एकदाचा तिथून निघाला आणि धापा टाकत रेघेपाशी आला. "अडकलात काय रे?" म्हणाला, आणि खांदा लावून दोघांनाही पलीकडं ढकललं. त्या झटक्यात स्वतः रेघेच्या अलीकडंच उताणा पडला आणि पोट धरून हसत सुटला.

सिस्टर तिथं आल्या. "हे थांबायचं कुणी शिकवलं?"

दोन बोटं दोन खुर्च्यांकडं गेली.

"छान," सिस्टर म्हणाल्या. "आजोबा, दोघंही या. पोती रिकामीच आहेत."

पुढं जे झालं ते श्रीरामपुरात अजून सांगतात. शिट्टी वाजायच्या आधीच दोघे निघाले. राधाकृष्णरावांचा चष्मा एका कानावर लोंबत होता, आबांच्या सदऱ्याची बटणं तुटून उडाली. थांबायचं कुणाच्याच मनात आलं नाही. रेघेजवळ येऊन दोघं एकमेकांवर आपटले, पण राधाकृष्णराव उंच माणूस, पडले ते नाक रेघेपलीकडं टेकवूनच.

आबा उठले. कोपरानं हलवावा असा बोर्ड मैदानात नव्हता. "पोतं ओढलं यानं—" एवढं तोंडात आलं होतं. समोर अख्खी शाळा बघत होती, आणि सगळ्यात पुढं यशोधरा.

"आबा," ती हळूच म्हणाली, "दात नकोत. डोळ्यांनी."

आबांनी प्रयत्न केला. डोळे बारीक झाले, भुवया कपाळात गेल्या, एक गाल उगाचच थरथरला. यशोधराला हसू आवरेना. ते बघून मग आबांनाही खरंच आलं, दातांसकट, पडलेल्या दाढेच्या खिडकीसकट. राधाकृष्णरावांना त्यांनी हात देऊन उठवलं, जरा जोरातच.

हातभर कप अमृतला मिळाला. टाळ्या सगळ्यात आधी यशोधरानं वाजवल्या, आणि त्या कुणी शिकवलेल्या नव्हत्या.

घरी आले तेव्हा आबांच्या काखेत कप नव्हता, पोतं होतं.

"हे कशाला आनलं?" बनाबाईंनी विचारलं.

"सिस्टरला इचारून आनलंय. राधाकृष्णरावालाबी एक दिलंय," आबा म्हणाले. "उद्या सकाळी बागेत परत पळायचं ठरलंय. बघू, त्यो कसा हसतो ते."