ती जेवली का?

भोसरीहून चाकणच्या कॉलेजला जाताना शेअर रिक्षात एक मावशी रोज माझ्या शेजारी असायच्या. साडीवर कंपनीचा निळा शर्ट, मांडीवर डबा. खड्डा आला की त्या आधी डबा धरायच्या, मग रिक्षाची दांडी. नाव मी कधी विचारलं नाही.

मी एम.ए. मराठीला. एका थोर कादंबरीकारावर अख्खा पेपर होता आणि परीक्षा तोंडावर आली तरी मी नुसतं गाईड घोकत होते. एकदा रिक्षात माझ्या हातातलं गाईड बघून मावशींनी विचारलं, "गोष्ट काय हाय गं?"

"नायिका पहाटे घर सोडून निघते. मग तिची अस्तित्वाची घुसमट..."

"पहाटेच निघाली व्हय? मग जेवली का ती?"

गाईडमध्ये ते नव्हतं. वर्गात सरांनीही कधी सांगितलं नव्हतं. मावशी मात्र रोज तेच विचारायच्या. शेवटी वैतागून लायब्ररीतून कादंबरी आणली आणि दोन दिवस खाली ठेवलीच नाही.

"मावशी, जेवली! एसटी स्टँडवर एका अनोळखी बाईनं तिला आपल्यातली अर्धी भाकरी दिली."

मावशींनी डब्यावरची पकड सैल केली.

"बरं झालं बाई. आता सांग तुझी ती घुसमट."