उद्घाटनासाठी अडलेली पिवळी कार्डं

आमच्या गावात मेडिकलचं दुकान एकच, आणि ते माझं. त्यामुळे लोक मला अर्धा डॉक्टर समजतात. उरलेला अर्धा मी स्वतःच समजत आलो.

चांदूर बाजारहून परतवाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. सरकारी आरोग्य केंद्रात एक डॉक्टरीणबाई, स्टॉपसमोर एक खासगी डॉक्टर, घरोघर फिरणारी आशाताई आणि मी. चौघांचे पेशंट तेच, पण कोणी कोणाला काय दिलं याचा एकमेकांना पत्ता नसे. म्हणून डॉक्टरीणबाईंनी एकदा आम्हाला केंद्रावर बोलावलं. ठरलं ते असं: बीपीच्या प्रत्येक पेशंटला एक पिवळं कार्ड. गोळी कोणीही देवो, त्यावर लिहायची. कार्ड पाहिल्याशिवाय गोळी नाही.

त्या बैठकीत सगळ्यात लांब भाषण माझं झालं. 'समन्वय' हा शब्द मी इतक्या वेळा वापरला, की आशाताईनं पाण्याचा गिलास पुढे केला. "घ्या भाऊ, घसा कोरडा पडला असन."

शेवटी सगळे गोळ्या घ्यायला माझ्याकडेच येतात, म्हणून कार्डांचा गठ्ठा माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवसापासून वाटायला लागायचं, एवढंच काम. पण माझ्यातला पुढारी जागा झाला. म्हटलं, एवढं चांगलं काम असं गुपचूप कसं सुरू करायचं? सरपंचांच्या हातून उद्घाटन पाहिजे, नारळ पाहिजे, फोटो पाहिजे. अमरावतीहून खास लाल फीत आणून मी गठ्ठा बांधला आणि कपाटात ठेवला. मग सरपंच लग्नांमध्ये अडकले. ते मोकळे झाले तर फोटोवाला मिळेना. फोटोवाला मिळाला तर सरपंच अकोल्याला.

आशाताई दर दोन दिवसांनी दुकानात डोकावायची. "भाऊ, कार्डं?"

"होऊ दे ना ताई, मुहूर्त लागू दे."

"लोकायची बीपी मुहूर्त पाहून वाढते काय?"

मी हसून विषय बदलायचो.

त्याच दिवसांत एक काळीपिवळीवाला दुकानात आला. तीस वर्षं याच रस्त्यावर जीप चालवणारा, पन्नाशी ओलांडलेला माणूस. "भाऊ, चक्कर येऊन राहिली. बीपी वाढली वाटते. सरकारी गोळी चालू हाय, पण लागू पडून नाई राहिली."

बीपी मोजायचं मशीन दुकानात होतं. त्याचे सेल मी घरच्या टीव्हीच्या रिमोटमध्ये टाकले होते. मग काय, मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहूनच बीपी मोजली. "तुमच्यासारख्या धिप्पाड माणसाले ती गोळी पुरत नसन," मी म्हणालो, "हे एक पाकीट सोबत घ्या."

आठेक दिवसांनी सकाळी त्याची भरलेली जीप स्टॉपवर येऊन थांबली ती थांबलीच. तो स्टेअरिंगवर डोकं टेकून बसला होता. आशाताई आणि मी धावलो. समोरचे डॉक्टर पेशंट सोडून आले. त्यांच्याच गाडीत घालून त्याला केंद्रावर नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला आणि त्यांचा चेहरा उतरला. बीपी वाढलेली नव्हती, पार खाली गेली होती. सलाइन लावून त्यांनी विचारलं, "गोळ्या कोणत्या घेता? दाखवा."

त्यानं खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तीन पाकिटं, तीन रंगांची. बाईंनी ती उलटून पाहिली. नावं तीन कंपन्यांची, आत औषध एकच.

"हे आमचं," त्या म्हणाल्या.

"हे माझं," खासगी डॉक्टर म्हणाले. "पण तुम्ही तर मला सांगितलं, दुसरं काही चालू नाही म्हणून!"

"तुमाले राग येईन म्हून नाई सांगतलं साहेब."

तिसऱ्या पाकिटाच्या वेळी मी पंख्याकडे पाहत होतो.

"ते भाऊनं देल्लं," पेशंटनंच खुलासा केला. "लय आपुलकीनं देल्लं."

"आणि यांचं कार्ड?" बाईंनी मला विचारलं.

"उद्घाटन व्हायचं आहे," मी म्हणालो. हे वाक्य दवाखान्यात इतकं वाईट ऐकू येईल, असं वाटलं नव्हतं.

आशाताई बाहेर पडली. परत आली ती गठ्ठा घेऊनच. फीत तिनं दातांनी तोडली आणि पहिलं कार्ड भरून त्याच्या उशाशी ठेवलं.

तो उठून बसला. तिन्ही गोळ्या बंद झाल्या. पुढे तपासून एकच, तीही छोटी, सुरू झाली. पण जीप उभीच राहिली. "गाडीत अकरा लोकं होते भाऊ," तो मला म्हणाला. "एक बाई लेकरू घेऊन बसली होती." त्यानं मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

दोन-तीन आठवड्यांनी बीपी जागेवर आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालवा गाडी. तो किल्ली घेऊन दुकानासमोर आला आणि उभाच राहिला.

"आता काहून उभे?" मी विचारलं.

"तुमी बसा बाजूले. तुमच्यापायी झालं हे, आता तुमीच बसा."

दुकान बायकोवर सोपवून मी पुढच्या सीटवर बसलो. परतवाड्यापर्यंत त्यानं जीप अशी चालवली की मागून बैलगाडीनं ओव्हरटेक करावं. मागचे प्रवासी ओरडत होते, "अबे, आज पोचवतं का नाई?" तो मात्र दर फाट्यावर मलाच विचारायचा, "चेहरा बरा दिसते ना?" चेहऱ्यावरून बीपी सांगण्याचा धंदा मी सोडला होता. म्हणालो, "मले नाई समजत बावा. तुमाले कसं वाटून राहिलं ते सांगा."

पुढच्या फाट्यावर त्यानं विचारलं नाही.

परतवाड्याला तो उतरला, पाणी प्यायला, आणि हात वर करून ओरडायला लागला, "चांदूर, चांदूर, चांदूर!" लोक जमले. मी पुन्हा पुढे बसायला गेलो, तर माझ्या जागेवर त्यानं एका म्हातारीला बसवलं होतं.

"भाऊ, तुमी मांगं बसा," तो म्हणाला, "बुढीले मांगं धक्के लागतात."

मी मागे जाऊन कांद्याच्या पोत्यावर बसलो.