हेमसिंग नाकेदाराचे सतरा देव

१९३६ साली नागपूरहून आलेल्या साहेबांना आसेगावजवळच्या राखीव जंगलात खरपुडीचे तेवीस वेल सापडले. असा वेल वऱ्हाडात दुसरीकडे कुठेच उरला नाही, असं त्यांचं म्हणणं. तिथली राखण करणाऱ्या नाकेदार हेमसिंगला हुकूम झाला: दर श्रावणात मोजणी करायची, कुणाला सांगायचं नाही, आणि आकडा घटला तर बदली मेळघाटात.

हेमसिंगनं बायकोलाही सांगितलं नाही. खरपुडीचा कंद भाजून झकास लागतो, आणि गोमतीबाईचा हात चुलीकडे फार लवकर जाई. वेल चुकू नयेत म्हणून त्यानं प्रत्येकाशेजारी चुन्यानं रंगवलेला गोटा ठेवला.

पुढच्या श्रावणात नऊ गोट्यांशेजारी नऊ खड्डे होते. शेलूबाजारात जडीबुटी विकणाऱ्या लखीरामनं त्याचे मनापासून आभार मानले. "गोटे ठेवले ते लय बेस केलं, नाकेदार. लोकाईले कंद धुंडा लागत नाही."

साहेबांनी एक वर्षाची माफी दिली. हेमसिंगनं डोकं लढवलं आणि उरलेल्या चौदा गोट्यांना शेंदूर फासला. देवाशेजारी कुदळ मारायची कुणाची छाती? त्या वर्षी एकही वेल गेला नाही, उलट तीन नवे उगवले. हेमसिंगनं आणखी तीन देव केले. साहेबांनी शाबासकी लिहून पाठवली.

तिसऱ्या श्रावणात तो वही घेऊन मोजायला गेला. सतराही देवांभोवतीची जागा हातभर खणून, साफ करून, शेणानं सारवलेली होती. सगळीकडे नारळाच्या शेंड्या होत्या. वेल एकही नव्हता.

गोमतीबाई शेवटच्या देवापाशी खुरपं धूत होती.

"देवाभोवती कचरा बरा दिसते का?" ती म्हणाली. "कंदासकट उपटला, तवा निंघाला. समदा नाल्यात फेकला. तुमची बदली टळू दे म्हून नवस केला व्हता मी. तुमी त झोपीतबी मेळघाट मेळघाट करून राह्यले."

हेमसिंगला रडू आलं. रागवायला मात्र जमलं नाही. त्याच्यासाठी एवढं आजवर कुणी केलं नव्हतं. त्यानं वहीत लिहिलं: 'वेल शून्य. कारण, नाकेदाराची चूक.'

"मंग, पावला का देव?" तिनं विचारलं.

"पावला," हेमसिंग म्हणाला. मेळघाटात थंडी फार असते म्हणून घरी आल्यावर त्यानं फाटकी घोंगडी शिवायला काढली.