इंग्रजी परवचा

“खणखणीत!” असं म्हणून ते डोळे मिटायचे, मांडीवर ठेका धरायचे आणि देवासमोर बसलेली त्यांची नात सुरू व्हायची, “अबँडन, लीव्ह, डेझर्ट! एबल, केपेबल, फिट!” वेळ संध्याकाळी सातची. शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीत त्यांचं घर बरोबर माझ्या डोक्यावर. त्यामुळे टीव्हीवरच्या बातम्यांत कोण काय बोललं, ते मला वर्षभर कळलं नाही.

तुमच्याही इमारतीत असे एक गृहस्थ असतीलच. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त, रुबाब मात्र कलेक्टरचा. भर उन्हाळ्यात शर्टाचं वरचं बटण लावलेलं. जगात गोष्टी दोनच प्रकारच्या, खणखणीत आणि मिळमिळीत. हॉटेलातला चहा मिळमिळीत, हल्लीचे डॉक्टर मिळमिळीत, मी कठडा धरून जिना चढते तेही मिळमिळीत.

नातीला वसतिगृह असलेल्या एका शाळेत घालायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. तिथे प्रवेश परीक्षा, आणि परीक्षेत इंग्रजी समानार्थी शब्द. झालं! स्वारी बुधवार पेठेतून एक जाडजूड गाईड घेऊन आली आणि त्यातल्या शब्दांचा चक्क परवचा केला. आपण लहानपणी दिवेलागणीला पाढे म्हणायचो ना, अगदी तस्साच. ‘अबँडन’पासून ‘झील’पर्यंत, चालीवर, एका दमात.

“अहो, अशाने तिला इंग्रजी येणार कसं?” मी एकदा जिन्यात विचारलं.

“आपल्याला पाढे कसे आले?”

“मला गणित कधीच आलं नाही.”

“ते दिसतंच,” म्हणाले आणि वर निघून गेले.

हौस किती असावी माणसाला! मंडईत गवार निवडता निवडता पोरीला म्हणायला लावायचे. भाजीवाली बाई बिचारी ‘ग्रेट, ग्रँड’पर्यंत ऐकून घ्यायची, मग म्हणायची, “काका, पाव किलो देऊ का अर्धा?” ह्यांना राग. परवचा मध्येच तुटला की पोरीला पुन्हा ‘अबँडन’पासून सुरुवात.

हे सगळं कशासाठी, ते मात्र त्यांनी लपवलं नव्हतं. पोरीची आई गेलेली, वडील बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा येणार. एकदा माझ्या दारासमोर धापा टाकत थांबले. मी पाणी दिलं. म्हणाले, “माझ्या हृदयाचा काही भरवसा नाही. मी आहे तोवर हिची सोय लागली पाहिजे.”

“मग आधी जिना सावकाश चढा.”

“सावकाश चढणं मिळमिळीत असतं.” आता ह्या माणसाशी काय बोलायचं, सांगा!

परीक्षा झाली. दोघं जिना चढत होते. पोरगी रडत होती आणि मी दार उघडं टाकून उभी होते. दुसऱ्याच्या घरातलं ऐकू नये वगैरे मला मान्य आहे, पण जिना सगळ्यांचा असतो.

“पेपरात ‘टिमिड’ विचारलं होतं, आजोबा. मी ‘अबँडन’पासून सुरू केलं. बाई म्हणाल्या, पुटपुटू नकोस. मग मनात म्हणायला लागले तर मध्येच विसरले, म्हणून पुन्हा पहिल्यापासून... आणि घंटाच झाली.”

“अगं, एकदम ‘टिमिड’ म्हणायचं ना!”

“एकदम कसं येईल? त्याच्या आधीचे सगळे कुठे जाणार?”

मी कपाळावर हात मारून घेतला. वर्षभर माझं डोकं उठवून ह्या शहाण्याने पोरीच्या हाती काय दिलं, तर मधून कुठूनच सुरू न होणारी माळ! भेटले की चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं.

तेच दुसऱ्या दिवशी दारात आले. वरचं बटण उघडं होतं.

“वसतिगृहाच्याच दुसऱ्या एका शाळेची परीक्षा आहे, उन्हाळ्याच्या आधी. आपण रोज संध्याकाळी वर याल का?”

“मी? मला इंग्रजी बेताचंच येतं.”

“इंग्रजी नकोय. आपण वीज कंपनीत तक्रारींच्या खिडकीवर होतात ना? समोरच्याचं बोलणं मध्येच तोडायची आपल्याला सवय आहे. हिला तसंच कोणीतरी तोडायला हवं. मला नाही जमत. ती म्हणायला लागली की मला थांबवावंसंच वाटत नाही.”

आयुष्यात माझ्या ह्या गुणाचं कोणी कौतुक केलं नव्हतं. मी गेले.

रोज सातला पोरगी तोंड उघडायची आणि मी ओरडायचे, “मुद्द्याचं बोल! टिमिड?” ती गडबडायची. “शाय!” “ह्यूज?” “बिग!” पोरगी तयार होत गेली. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसायचे. ठेका धरायला हात मांडीवर जायचा आणि तसाच थांबायचा. एवढा दिमाखदार माणूस गप्प बसलेला बघून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

संक्रांतीनंतर एका दुपारी त्या खुर्चीतच गेले. बोटीवरचा मुलगा रजा काढून आला आणि पोरीबरोबर राहिला. तेरावं झालं त्या संध्याकाळी मी पुन्हा वर गेले आणि म्हटलं, “टिमिड?” पोरगी रडत रडत म्हणाली, “शाय.”

परीक्षा झाली, निकाल लागला. पोरीला त्या दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळाला. पेढे घेऊन तीच मला बोलवायला आली. वर गेले तर देवाजवळ दिवा लावलेला, शेजारी त्यांचा फोटो. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, अर्थात.

पोरगी फोटोसमोर मांडी घालून बसली. पास झाले, एवढं सांगून उठेल असं मला वाटलं. पण तिने डोळे मिटले, मांडीवर हात ठेवला आणि सुरू केलं, “अबँडन, लीव्ह, डेझर्ट...”

सवयीने माझं तोंड उघडलं. मी ते मिटलं आणि त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसून राहिले. ‘झील’ येईपर्यंत मी तिला एकदाही तोडलं नाही.