टीव्हीसमोर उभी राहणारी मावशी

"डोळे मिटा रे पोरांनो. बघण्यासारखं काय नाय."

एवढं म्हणून मावशी उठायची आणि थेट टीव्हीसमोर जाऊन उभी राहायची. हातात चादर असली तर झटकत बसायची, सूप असलं तर तिथेच तांदूळ पाखडायला लागायची. जमिनीवर आम्ही वीसेक पोरं दाटीवाटीनं बसलेलो, आणि पडद्याच्या जागी मावशीचं हिरवं पातळ. कुणी कितीही कुरकुर केली तरी ती मिनिट-दोन मिनिटं ढिम्म हलायची नाही.

मावशी आमच्यापैकी कुणाचीच सख्खी नव्हती. लालबागच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत राहायची. नवरा गिरणीत, ती परळच्या एका इस्पितळात आया. मजल्यावर टीव्ही एकट्या तिच्याकडे, म्हणून रविवारी संध्याकाळी सिनेमाच्या वेळी तिची खोली सगळ्यांची. तुमच्याही लहानपणी अशी एखादी खोली असेल. तिथे कुणी कुठे बसायचं हे ठरलेलं असतं आणि उशिरा येणाऱ्याला दारातल्या चपलांवर बसावं लागतं. मी मात्र कधीही गेले तरी पुढे, मावशीच्या पायाशी. त्याबद्दल तिची मुलगी नंदा माझ्यावर डाफरायची.

मावशी बाजूला झाली की सिनेमा भलतीकडेच गेलेला असायचा. मघाशी घरात बागडणारा मुलगा आता एकटाच रस्त्यावर असायचा.

"मावशी, याची आई कुठे गेली?"

"गावाला."

"मग हा एवढा चिडलाय कशाला?"

"न सांगता गेली ना ती. तुला नाय राग येणार?"

हे आम्हाला पटायचं. पुढे तो मुलगा मोठा होऊन तासभर मारामारी करायचा आणि आम्ही समजायचो, हे सगळं आई न सांगता गावाला गेली म्हणून. सोमवारी शाळेत दुसऱ्या चाळीतली मुलं निराळीच गोष्ट सांगायची. आम्ही त्यांना वेड्यात काढायचो.

आता मी मालिका लिहिते. दोन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मला बोलावलं होतं, लहानपणी काय बघायचात, काय आवडायचं, असल्या गप्पा मारायला. समोर शंभरेक माणसं. माझ्या आधीच्या पाहुण्यानं सभा हसवून सोडली होती. माझी पाळी आली आणि पहिली दोन वाक्यं साफ फसली, कुणी ढुंकून बघेना. तेव्हा मी मावशी काढली.

म्हटलं, आमच्या चाळीत एक चालतंबोलतं सेन्सॉर बोर्ड होतं. नायक-नायिका जवळ आले रे आले की मावशी सूप घेऊन मध्ये उभी. उठून तिची नक्कल केली, मालवणी हेल काढला, कमरेवर हात ठेवून तांदूळ पाखडून दाखवले. लोक अक्षरशः लोळले. तो तुकडा मग सगळ्यांच्या फोनवर फिरला. मला आठवडाभर अभिनंदनाचे निरोप येत होते, आणि मी मेली ते चवीनं वाचत होते.

नवव्या दिवशी नंदाचा फोन आला.

"ऐकलं तुझं. मस्त हशा घेतलास."

"अगं, प्रेमानं सांगितलं ते."

"इमारतीतली पोरं लिफ्टमध्ये आईला विचारतात, सेन्सॉर आजी, आज काय कापलं? ती हसते बिचारी. पण तू खोटं का सांगितलंस? प्रेमाच्या गाण्याला ती कधी उठली होती?"

नव्हती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, बोलत असतानाही ठाऊक होतं. प्रेमाची गाणी मावशी आमच्यापेक्षा मोठ्यानं म्हणायची. पण आई गावाला जाण्यात हशा कमी होता, म्हणून मी बदल केला. धंद्याची सवय.

"मग कशाला उठायची, ते तरी माहीत आहे का?" नंदा म्हणाली. "तुझी आई गेली त्या वर्षी सुरू झालं हे. त्याआधी एकदा तरी उठली का, आठवून बघ. आठवडाभर इस्पितळात नर्सबायांना विचारत फिरायची, रविवारी अमुक पिक्चर आहे, त्यात आई मरते का, कधी मरते, गाण्याच्या आधी की नंतर. तू सात वर्षांची होतीस. आमच्या टीव्हीवर कुणाची आई मरू द्यायची नाही, असं तिनं ठरवलं होतं."

लाज वाटली म्हणणं फार थोडं झालं.

जुन्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे. मावशी अकराव्या मजल्यावर. माझ्या ऑफिसातून चालत पंधरा मिनिटं. मला तिथे पोचायला सात महिने लागले. आधी शूटिंग होतं, मग गणपती, मग कुणाचं तरी लग्न. कारणांना काय तोटा.

गेले तेव्हा ती खिडकीशी खुर्चीत होती, पार चिपाड झालेली. मला बघून नंदाला म्हणाली, "बाय इली, खाजा काढ." तिला माझ्या हातात खाऊ दिल्याशिवाय बोलताच येत नसे.

"मावशी, माझं चुकलं. मी लोकांसमोर तुझं हसं केलं."

"मग काय झालं? हसले ना लोक?"

"तू माझ्यासाठी उभी राहायचीस. ते सांगायला हवं होतं."

"नको गो. ते सांगितलं असतंस तर तुला बिचारी म्हणाले असते. त्यापेक्षा मला हसले ते बरं."

मला रडू आवरेना. तिनं मला रडू दिलं. मग जरा वेळानं, सहज विचारावं तसं म्हणाली, "तुझी मालिका बघते मी. साडेसातला नंदा लावून देते. गेल्या आठवड्यात त्या पोरीची आई मारलीस."

"कथेची गरज होती, मावशी."

"असेल. पण पोरगी सगळे दिवस एकटीच बसते. तिला शेजारी कोण नाय?"

तीस भाग लिहिले होते, आणि त्या पोरीच्या दाराबाहेर मी एक माणूस ठेवलं नव्हतं.

"आहे ना," मी म्हटलं. "शेजारीण आहे. येईल पुढे."

"बरं. मग बघते," म्हणाली, आणि तिचा चेहरा खुलला.

चार महिन्यांनी मावशी गेली. बाराव्याला मी गेले तेव्हा नंदा भांडी आवरत होती. आवरता आवरताच सांगू लागली, शेवटी शेवटी आईला दिसत नव्हतं धड, तरी साडेसात वाजले की मालिका लावायला लावायची. "इली काय गो शेजारीण?" एवढंच विचारायची. नंदा नाही म्हणाली की म्हणायची, येईल, तिनं सांगितलंय मला.

"चॅनेलनं कापलं का गं ते?" नंदानं विचारलं.

हो म्हणता आलं असतं. चॅनेल काय वाटेल ते कापतं, तिनं विश्वास ठेवला असता. पण कापायला आधी लिहावं लागतं, आणि मी ती शेजारीण एका ओळीतही लिहिली नव्हती.