फ्रेंच गाडीखालचं लिंबू

माझ्या साडूनं गाडी घेतली, त्याच दिवशी मला पित्त झालं.

मी पिंपरीच्या कारखान्यात प्रेसशॉपला, पत्रे दाबायच्या कामावर. स्कूटरसाठी नंबर लावला तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. स्कूटर आली तेव्हा पोरगा शाळेत जात होता! आणि या रमाकांतला, मायदेशी परतणाऱ्या त्याच्या फ्रेंच साहेबानं स्पोर्ट्स कार जवळजवळ फुकट दिली. लालभडक, दोनच सीट, उंची माझ्या कमरेएवढी. (कमरेच्या घेराएवढी असती तर बस झाली असती.)

दसऱ्याला पूजेसाठी गाडी आमच्या कॉलनीत आली. आमची ही हार घेऊन धावली. माझ्या स्कूटरला सकाळी झेंडूचं एकच फूल मिळालं होतं!

"इंजिन कुठंय राव?" पुढचं झाकण उघडून मी खवचटपणे विचारलं.

"सीटच्या पाठीमागं, मधोमध," रमाकांत म्हणाला. "बॉडी फायबरची. एकदम फुलासारखी!"

दृष्ट लागू नये म्हणून पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. रमाकांतनं गाडी अलगद पुढे घेतली. चाक लिंबाला टेकलं आणि अडलं. पुन्हा घेतली. लिंबू जसंच्या तसं!

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! "गाडी आहे का साबणाची डबी? लिंबूसुद्धा फुटेना!"

मेव्हणीचा, म्हणजे सुशीचा, चेहरा पडला.

"अहो, मग तुम्हीच बसा की," ही म्हणाली. "होऊ दे एकदा त्या वजनाचा उपयोग."

मनातून मला तेच हवं होतं. मी रमाकांतशेजारी बसलो. बसलो कसला, ओतला गेलो! गाडी पुढे सरकली. फच्च! लिंबाचा पापड झाला. टाळ्या!

"भावोजी, उतरा आता. मला बसायचंय," सुशी म्हणाली.

मी हललो. म्हणजे गाडी हलली, मी तिथंच! पाय लांब पसरलेले, गुडघे वाकेनात, आणि पाठीमागं इंजिन तापलेलं.

"अरे, बंद कर ते! पाठीचं भरीत होतंय!"

"राहू देत आतच," ही शांतपणे म्हणाली. "ज्यांची नजर लागायची, तेच आत आहेत. बाहेर उरलंय कोण?"

शेवटी शिफ्टवरून आलेल्या चौघांनी रमाकांतला उतरवलं, गाडी एका अंगावर कलती केली आणि चाकणच्या बाजारात कांद्याचं पोतं रिकामं करतात तसं मला ओतलं. मी बाहेर आलो. पॅन्टची शिवण आतच राहिली.

तेव्हापासून कॉलनीत कुणीही नवी गाडी आणली, की लिंबू नंतर आणतात. आधी मला बोलावतात, आणि आत बसवतात!