निळा पडदा काय म्हणतो

"काय म्हनतंय भाऊ ते?" पडद्यावर इंग्रजीची एक ओळ उमटली की काका माझा खांदा हलवून विचारायचे. तपासणीचे टक्के वाढू लागले की त्यांचा उजवा हात आपोआप वर. "बारा... बारा... तेरा!" उभा जन्म लासलगावच्या बाजारात कांद्याचे लिलाव पुकारण्यात गेलेला. आकडा दिसला की त्यांचा गळा गप्प बसेना. द्वारका चौकातल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकं वळून बघायची. तुम्हीही हसला असतात.

मला हसू येत नव्हतं. शेजारी स्टुलावर काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, बसलेल्या. गळ्याभोवती पदर घट्ट लपेटलेला. कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढून टाकलं होतं. ऑपरेशनआधी पुतण्यानं त्यांचा आवाज कॉम्प्युटरवर भरून घेतला होता. एक उखाणा. एरवी त्यांनी नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. तो आवाज दुसरीकडे उतरवून ठेवावा, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

रोज सकाळी चहाआधी काका तो उखाणा लावायचे. आता तो लागत नव्हता.

"सुरू करताना निळा पडदा यायचा का?" मी विचारलं.

"यायचा की. लाइट मधीच गेली की दुसऱ्या दिवशी हमखास. कुठलंबी बटन दाबलं की जायचा. मला हिचा आवाज ऐकायची घाई."

"काका, ते म्हणत होतं, डिस्क तपासू द्या. बटण दाबलं की तपासणी राहून जायची."

त्यांनी काकूंकडे बघितलं. मग म्हणाले, "वरडून सांगायचं ना मंग त्यानं."

मी तपासणी लावली. खराब जागांच्या ओळीमागून ओळी येऊ लागल्या.

"काय म्हनतंय?"

"चाळीत साठवलेला कांदा सडतो ना, तसं झालंय. सडलेलं बाजूला काढतंय."

"बाकीचा माल तर ऱ्हाईल ना?"

मी नुसतं आकड्याकडे बोट दाखवलं. त्यांचा पुकारा बारीक होत गेला. मग आकडा एका जागी अडला आणि ते पडद्यापुढे चक्क हात जोडून उभे राहिले. "चल ना रं बाबा. एक डाव चल." एवढा अगतिक झालेला माणूस मला बघवत नव्हता.

शेवटची ओळ आली. "दुरुस्ती केली, असं म्हणतंय," मी वाचून दाखवलं. त्यांनी लगेच सगळ्या दुकानाला चहा सांगितला. दुरुस्ती डिस्कची झाली, आतल्या वस्तूची नव्हे, हे सांगायला माझी जीभ रेटेना. शोधता शोधता उखाण्याचा एक तुकडा हाती लागला. तो लावला.

"सायखेड्याच्या पुलावरून दिसतं गोदेचं पानी..." काकूंचा ठसकेबाज आवाज. पुढे नुसती खरखर. नेमकं काकांचं नाव गेलं होतं.

"परत लावा."

परत खरखर.

"परत लावा ना, भाऊ."

चहा आला, कुणी हात लावला नाही. काकांचा हात पुन्हा वर गेला होता, पुढची बोली यायची असल्यासारखा.

काकू उठल्या. त्यांनी तो हात खाली घेतला, काकांचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि उखाण्याच्या लयीत ओठ हलवले. आवाज कुठून येणार?

काका त्या ओठांकडे बघत राहिले. काय म्हणतंय, असं त्यांनी मला विचारलं नाही.